डब्यात काय होतं? शाळेतल्या जेवणाचे आपापले अनुभव

मी पुण्यात मुलांच्या आहारावर काम करते. सकाळी वस्तीतल्या दवाखान्यात असते, संध्याकाळी खासगी क्लिनिकमध्ये. एकाच दिवशी दोन अगदी वेगळ्या घरांतली मुलं समोर येतात आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र पुष्कळदा सारखेच निघतात. घरात पैसा आला की मुलांच्या खाण्याचं आपोआप मार्गी लागतं, असं आपण धरून चालतो. मला तसं दिसत नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत चूल पेटली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे.

योजना चांगली की वाईट यावर निबंध नको. काय शिजलं, किती खाल्लं, डबा किती भरलेला परत आला, ते लिहा. सरकारी, खासगी, परदेशातली, कुठलीही शाळा चालेल. नाव आणि शाळा सांगू नका. जिल्हा आणि काम पुरे.

प्राथमिक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

सोमवारपासून सुरुवात करते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त भात सोमवारी लागतो. रविवारी शाळा नाही. सोमवारी पहिल्या तासालाच मुलं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत असतात. नियमाप्रमाणे लहान मुलाला 100 ग्रॅम तांदूळ मोजायचा. पण आमच्या स्वयंपाकीण ताईंना कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते पाठ आहे. त्या वाढताना बरोबर ज्याला हवं त्याच्या ताटात डाव थोडा दाबून घालतात. मी कधी टोकत नाही.

2023 च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी पट भरलेला असायचा. पावसात नाला ओलांडून येणारी पोरंही त्या दिवशी हजर. मुलं अंडं लगेच खात नाहीत हे मी तेव्हा पाहिलं. आधी सोलतात, हातात फिरवतात, भात संपवतात आणि मग शेवटी ते अंडं, अगदी सावकाश. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबला, हवं तर लोकसहभागातून करा असं आलं. आमच्या गावातले लोक हंगामात कामासाठी गुजरातला जातात. वर्गणी कोणाकडे मागायची?

रिक्षाचालक, पिंपरी-चिंचवड

मुलगी तिसरीपर्यंत महापालिकेच्या शाळेत होती. मग सगळे म्हणाले इंग्रजी पाहिजे, आम्हालाही वाटलं, घातली. आमच्या भागात अशा बऱ्याच छोट्या शाळा आहेत, एका इमारतीत दोन मजले, मैदान नाही. फी आम्ही भरतो, कुरकुर नाही. पण तिथे जेवण नसतं हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.

बायको पॅकिंगच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाते, साडेसहाला बस. पहाटे उठून ती पोळ्या करून जाते. भाजी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होते, मग बटाटा, मग नुसती पोळी आणि साखर-तूप, नाहीतर सॉस. कधी दहा रुपयांचा नूडल्सचा पुडा. पोरगी तक्रार करत नाही, पण वर्गशिक्षिकेने वहीत लिहून पाठवलं, "डब्यात पौष्टिक आहार द्यावा." आता काय उत्तर लिहायचं?

महापालिकेच्या शाळेत ती मटकीची उसळ खायची, घरी येऊन सांगायची. ते किती होतं हे आता कळतंय. म्हणजे शाळा बदलल्यावर फी वाढली तेवढीच आमच्या हिशेबात होती. दुपारचं जेवण पण आमच्यावर आलं, ते कोणी हिशेबात सांगत नाही.

धागा सुरू करणारी

दादा, तुमच्या लिहिण्याने मी थांबले, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सगळ्यात निसटलेली मुलं हीच आहेत. योजना सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरती. विनाअनुदानित शाळेत मूल गेलं की ते यादीतून जातं. घरचं उत्पन्न मात्र तेच राहतं, उलट फीमुळे हातात कमी उरतं. गरिबाचं मूल सरकारी शाळेत आणि श्रीमंताचं खासगी शाळेत, ही वाटणी केव्हाच मोडली आहे, पण जेवण अजून त्याच वाटणीवर चाललंय. शाळेच्या फाटकाच्या आत कोण येतं यावर जेवण ठरतं, मुलाला भूक किती यावर ठरत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) पंचवीस टक्के आरक्षणातून खासगी शाळेत गेलेल्या कोणाला याबद्दल लिहिता येईल का?

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर

मी लिहिते. आरटीईतून माझा नंबर लागला तेव्हा वडिलांनी पूर्ण गल्लीला पेढे वाटले होते. फी माफ होती. शाळा दोनपर्यंत, जेवायची सुट्टी अकराला. कॅन्टीन होतं, तिथे कूपन लागायचं, ते फीत नव्हतं.

माझ्या डब्यात पोळी आणि बहुतेक वेळा आलू-वांग्याची भाजी, कधी झुणका. चवीला एक नंबर, आई माझी सुगरण आहे. पण वर्गात पास्ता, सँडविच, कापलेली सफरचंदं, चीजचे तुकडे. डबे अदलाबदल करून खायचा खेळ असायचा, त्यात माझा डबा कोणी मागायचं नाही. दुसरीत मी डबा उघडणंच सोडलं. घरी येताना रस्त्यात पोळ्या गाईला घालायची आणि आईला रिकामा डबा द्यायची. चौथीत चक्कर येऊन पडले, तेव्हा सगळं बाहेर आलं.

माझी चुलत बहीण जवळच्याच मनपा शाळेत होती. ती दुपारी पंगतीत बसून जेवायची, सगळ्यांच्या ताटात एकच खिचडी. उंचीने ती माझ्या पुढे गेली. फळं-दूध महाग म्हणून मी अशक्त होते असं नाही. माझ्याकडे जेवण होतं, ते उघडायची सोय नव्हती.

आई, ठाणे

आमच्या मुलाच्या शाळेत नाश्ता आणि जेवण फीतच धरलेलं आहे. पालकांना मेन्यू महिन्याच्या सुरुवातीला येतो, वाचून समाधान वाटावं असा: दोन भाज्या, डाळ, सॅलड, फळ. मुलगा नऊ वर्षांचा, सारखा दमायचा, हिमोग्लोबिन 9 च्या घरात आलं. डॉक्टरांनी विचारलं, शाळेत काय खातो? मी मेन्यू दाखवला. त्यांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "भात आणि फ्राइज. बाकीचं घ्यावं लागत नाही."

बुफे आहे, लहान मुलं हवं ते उचलतात, आणि वाढणारं माणूस फक्त ट्रे भरतं. नंदुरबारच्या ताईंनी लिहिलंय ना, की त्यांच्या स्वयंपाकीण बाईंना मुलं ठाऊक आहेत. आमच्याकडे पैसे भरून नेमकं तेच मिळत नाही. आता मी रोज संध्याकाळी नाचणीची भाकरी, पालक, डाळ आणि वर लिंबू असं बसून खाऊ घालते. मला ते जमतं, कारण मी सहाला घरी असते.

शालेय पोषण आहार स्वयंपाकी, सातारा जिल्हा (लेक लिहून देते)

आई सांगते तसं लिहिते आहे.

शाळेत मी बारा-तेरा वर्षं झाली शिजवते. मानधन अडीच हजार, तेही दहा महिन्यांचं. 2024 मध्ये जेवण तीन भागांचं करायचं ठरलं: भात, मोड आलेलं कडधान्य आणि गोड, म्हणजे तांदळाची खीर नाहीतर नाचणीचं सत्त्व. साखरेचे पैसे बंद झाले तेव्हापासून खीर कधी होते, कधी नाही.

लोकांना वाटतं खिचडी म्हणजे टाकलं आणि शिजलं. तांदूळ आला की आधी पाखडून, निवडून घ्यावा लागतो, पावसाळ्यात टोके होतात. मटकी आदल्या दिवशी घरी आणून भिजवते, कारण शाळेत रात्री कुत्री-मांजरं येतात. सकाळी फडक्यात बांधते, दुसऱ्या दिवशी मोड. थंडीत एक दिवस जास्त लागतो, म्हणून चूलखंडाजवळ ठेवते. भाजीपाल्याचे आणि सरपणाचे पैसे मागून येतात. तोवर गुरुजी दुकानदाराकडे उधारी ठेवतात. मुलांना वाढायच्या आधी गुरुजी आणि एक पालक चव घेतात, चव रजिस्टरला सही होते.

मुलं काय टाकून देतात ते मला माहीत असतं. सोयाबीनच्या वड्या मोठ्या राहिल्या की काढून टाकतात, चुरून घातल्या की खातात. शेवग्याचा पाला वरणात घातला तर कळत नाही. कागदावर हे कोणी विचारत नाही. विचारलं तर मी सांगेन.

माध्यमिक शिक्षक, सांगली जिल्हा

अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. आठवीपर्यंत जेवण, नववीला नाही. त्याच मैदानात, त्याच झाडाखाली मुलं बसतात. आठवीची मुलगी ताट घेऊन, नववीची शेंगदाण्याची पुडी घेऊन. मुलींच्या वाढीचा आणि पाळी सुरू झाल्यानंतरचा काळ नेमका हा. उरलं तर आम्ही नववीच्या मुलींना बोलावतो. उरतंच असं नाही.

गोव्याहून, पालक

आमच्याकडे महिलांचे बचत गट जेवण पुरवतात. मुख्यतः भाजी-पाव. मुलांना आवडतं, पटकन वाटता येतं. पण रोज पाव म्हणजे रोज मैदा, हे मला खटकतं. घरी आम्ही शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, जेवणारे लोक.

तरुण शिक्षक, बीड जिल्हा

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. चौथीपर्यंत मी त्यांच्याबरोबर कारखान्यावर. आई रात्री तीनला उठून बाजरीच्या भाकरी थापायची, सोबत तिखट नाहीतर वांग्याचं कालवण. ती भाकर दुपारी फडात, संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीत, तीच. माझं नाव गावच्या शाळेच्या पटावर, तिथल्या तांदळात माझा वाटा धरलेला, आणि मी पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या वाढ्यावर बसलेलो.

पाचवीला आजीने ठेवून घेतलं, मग गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं. दुपारी शाळेत खिचडी, रात्री वसतिगृहाचं वरण-भात-भाकर. दोन वेळा गरम खाणं मला तेव्हा पहिल्यांदा सलग मिळालं. मी शिकलो ते त्यामुळे, हे मी कुठेही सांगतो. आज माझ्या वर्गात दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी होतात. वसतिगृहाची मंजुरी आणि पैसे वेळेवर आले तर मुलं मागे राहतात. उशीर झाला तर टोळीबरोबर गेलेली असतात, आणि मग मंजुरीचा उपयोग नसतो.

निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

बहात्तरच्या दुष्काळात मी विद्यार्थी होतो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, आणि मुलांना सुकडी, म्हणजे कोरडा गोड खाऊ. सुकडीचा तो गूळ-तेलाचा वास अजून नाकात आहे. घरी नेऊन सगळ्यांनी वाटून खायचो, त्यामुळे माझ्या वाट्याला किती यायची ते सांगता येत नाही. शिधा घरी दिला की तो घराचा होतो, शाळेत शिजवून दिलं की मुलाच्या पोटात जातं. करोनाच्या काळात पुन्हा कोरडा शिधा वाटला गेला, तेव्हा इलाज नव्हता. पण ते जेवणाच्या जागी कायमचं करू नये.

लंडनहून, आई

इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांना सप्टेंबर 2014 पासून सर्वांना मोफत जेवण आहे. लंडनमध्ये सप्टेंबर 2023 पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्याच मुलांना. त्याआधी मोठ्या मुलांसाठी उत्पन्नाची अट होती, अर्ज भरावा लागायचा, आणि थोडक्यात अट चुकलेली घरं अडकायची. रिक्षावाल्या दादांसारखीच. आता माझी लेक आणि तिची मैत्रीण, जिची आई सफाईकाम करते, एकच जेवण घेतात. शाकाहारी मुलांची आबाळ होते हे खरं, भाजलेला बटाटा आणि बीन्स वारंवार. पण कोणाचा डबा काय सांगतो हा प्रश्नच राहिला नाही. नागपूरच्या मुलीचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

धागा सुरू करणारी

आपल्याकडे मे 2025 पासून प्राथमिकच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरले आहेत, धान्य वेगळं. एवढ्यात साताऱ्याच्या ताई मोड आणून, पाला घालून जे करतात त्याला माझा नमस्कार. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे लहान मुलाच्या दुपारच्या गरजेच्या निम्मी. ते परत सुरू व्हावं, नववी-दहावीला जेवण मिळावं आणि आरटीईच्या मुलांची सोय त्याच शाळेत व्हावी, या तीन गोष्टींसाठी ज्यांना शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसभेत बोलता येईल त्यांनी बोलावं. मीही इथल्या महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी देणार आहे.

स्वयंपाकी, सातारा जिल्हा (लेक)

आई रिक्षावाल्या भावांना सांगते: भाऊ, पहाटे उसळ करत बसू नका. रविवारी अर्धा किलो मटकी भिजवा, मोड आणा, फ्रीज असेल तर डब्यात घालून ठेवा, चार दिवस टिकते. फ्रीज नसेल तर दोन दिवसांपुरतीच भिजवा. रात्रीच्या जेवणाला उसळ करा आणि तीच सकाळी चांगली गरम करून, पाणी आटवून, कोरडी करून पोळीत गुंडाळून द्या. ओली दिली तर डबा गळतो आणि पोरं खात नाहीत. वरून शेंगदाण्याचं कूट घाला. वहिनींना पहाटे फक्त पोळ्या लाटायच्या राहतील.