पॅकेटचा क्रम बिघडला म्हणजे कार्ड बिघडलं नव्हे

सायडिंग_७:
कालचं एक वाक्य डोक्यातून जात नाही: "टीसीपीडंपमध्ये आउट ऑफ ऑर्डर दिसलं की नेटवर्क कार्ड गेलं समजा, नवीन टाका." (टीसीपीडंप म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट पकडून दाखवणारी कमांड; आउट ऑफ ऑर्डर म्हणजे पॅकेट पाठवलेल्या क्रमाने न येणं.) याच सल्ल्यापायी आमच्याकडे दोन धडधाकट १० गिगाबिटची कार्डं कपाटात पडून आहेत. नवी घातली तरी दुखणं तेच!

दोन बॅकअप सर्व्हर, मध्ये दोन थेट केबली. त्यांचा बाँड करताना, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी बनवताना, कुणी मोडच लिहिला नव्हता. ड्रायव्हरचा डिफॉल्ट बॅलन्स-आरआर, म्हणजे एकाच कनेक्शनची पॅकेट आलटूनपालटून दोन्ही पोर्टांवर. पलीकडे प्रत्येक पोर्ट आपापल्या इंटरप्टला आपला गठ्ठा उपसतो. मग २-४-६ आधी, १-३-५ मागून. पाठवणाऱ्याला तीन डुप्लिकेट अ‍ॅक (तीच पोचपावती पुन्हा) मिळाले की त्याला वाटतं पॅकेट हरवलं. तो पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. ८०२.३एडी मोड आणि लेअर३+४ हॅश लावला (आयपी आणि पोर्ट नंबरवरून केबल ठरते, म्हणून एका कनेक्शनची पॅकेट एकाच केबलीवर राहतात), आणि एनस्टॅट कमांडमधला टीसीपीओएफओक्यू, म्हणजे क्रम सोडून आलेल्या पॅकेटचा आकडा, वाढायचा थांबला. कार्डांचा काय दोष होता?

जुना_रनलेव्हल:
ते वाक्य माझं आहे. १९ वर्षं सर्व्हर रूममध्ये काढलीत, हवेत बोलत नाही. एका ठिकाणी एसएफपी (केबल जिथे लागते तो छोटा मॉड्यूल) खराब होता. सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याची खूण), फ्रेम गळायच्या, त्या पुन्हा पाठवलेल्या मागून यायच्या आणि कॅप्चरमध्ये ते आउट ऑफ ऑर्डरच दिसायचं. भाग बदलला, प्रश्न मिटला. फारच झालं तर टीसीपी_रीऑर्डरिंग (क्रम किती बिघडला तरी पॅकेट हरवलं समजायचं नाही, ते कर्नलचं सेटिंग) ३ चं ३० करा. रात्री तीन वाजता हॅश पॉलिसी वाचत बसायला आम्हाला सवड नसते.

मुळाकाठ:
मला तर खोट शब्दातच दिसते. आउट ऑफ ऑर्डर म्हटलं की आपल्याला बंद लिफ्टवरची पाटी आठवते. आधीच्या नोकरीत माझ्या रिपोर्टमधले हेच शब्द वाचून साहेबांनी कार्डखरेदीवर सही केली होती. तेव्हापासून मी 'क्रमभंग' म्हणते.

जुना_रनलेव्हल:
अहो ताई, शब्द बदलून पॅकेट सरळ येणार आहेत का? हँडओव्हरमध्ये क्रमभंग लिहिलं तर चेन्नईच्या टीमने काय समजायचं?

मुळाकाठ:
ताई म्हणून समजूत काढू नका, रात्रपाळ्या मीही केल्यात. चेन्नईला रीऑर्डरिंग लिहा, कर्नलचाच शब्द आहे. ज्या शब्दावरून पैसे चुकीच्या जागी गेले, तो मी वापरणार नाही.

जुना_रनलेव्हल:
म्हणजे साहेबांना वाचता आलं नाही, त्याची शिक्षा आम्हाला!

मुळाकाठ:
साहेबांनी वाचलं ते बरोबरच होतं. लिहिणारी मी चुकले होते, म्हणून तर सांगतेय.

डायलटोन:
शब्दावरून भांडताय, इथे आमच्या यूडीपीला कोणी वाली नाही. टीसीपी निदान क्रम लावून घेतं, यूडीपी तेही करत नाही. कार्डाच्या वेगवेगळ्या क्यूंवर (रांगांवर) लोड पसरावा म्हणून आम्ही इथटूलने (कार्डाची सेटिंग आणि आकडे बघायची कमांड) यूडीपीच्या हॅशमध्ये पोर्ट नंबरही घातले (एसडीएफएन). पण पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. त्यामुळे तुकडे (फ्रॅगमेंट) झालेलं मोठं डेटाग्राम, म्हणजे यूडीपीचं पॅकेट, एका क्यूत आणि त्याच कनेक्शनचं छोटं दुसऱ्या. छोटं पुढे निघून जायचं. परत नुसत्या आयपीवर (एसडी) आणलं, तेव्हा थांबलं. एक आठवडा गेला त्यात.

सायडिंग_७:
रनलेव्हल काका, एसएफपीचं मान्य. पण मग इथटूल -एस मध्ये सीआरसीचा आकडा हलतो, आमचा शून्य होता. तेवढं बघायला एक मिनिट लागतं, रात्री तीनलाही. आणि टीसीपी_रीऑर्डरिंग पाठवणाऱ्या मशीनवर लावायचं असतं. क्रम बिघडलेला दिसला की कर्नल त्या कनेक्शनपुरतं ते स्वतःच वाढवतं, डिफॉल्ट कमाल ३००.

जुना_रनलेव्हल:
मी ते घेणाऱ्या मशीनवर लावत आलो. इतकी वर्षं.
बरं. आधी सीआरसी, मग बाँडचा मोड, मग कार्ड. क्रमभंग मात्र लिहिणार नाही.