उघड्या पाण्यावर लहान होडी बदकांच्या नजरेआड कशी ठेवावी?

प्रश्न (हौशी छायाचित्रकार, कोल्हापूर):
हिवाळ्यात कळंबा तलावावर उतरणाऱ्या बदकांची छायाचित्रे मला होडीतून काढायची आहेत. परंतु काठावरच्या पाणकणसाचा आडोसा संपताच थवा उठतो. परदेशातील शिकारी खुल्या पाण्यावरही होडी लपवतात, असे ऐकले आहे. ती युक्ती येथे चालेल का?

उत्तर १:
शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे आपण जाणताच. युक्ती मात्र कॅमेऱ्यालाही लागू पडते. अमेरिकेतील शिकारी खुल्या पाण्यावर गवताचा उंच आडोसा उभारण्याऐवजी बुटकी, राखाडी होडी नांगरून तिच्यात उताणे पडून राहतात आणि भोवती नकली बदके सोडतात, कारण सपाट पाण्यावर उंच आकार लांबूनही उठून दिसतो.

उत्तर २:
रंगापेक्षा चकाकी आणि हालचाल अधिक घात करतात. रंग चमक नसलेला घ्यावा, ओल्या वल्ह्याचे पातेही तसेच रंगवावे आणि पहाटे पक्षी येण्याआधीच जागेवर स्थिर व्हावे. थव्याच्या दिशेने वल्हवत जाणे (हा मोह मलाही आवरला नव्हता) म्हणजे दिवस वाया घालवणे होय.

उत्तर ३:
कळंब्याचे पाणी शहरात पिण्यासाठी जाते, त्यामुळे होडी उतरवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. बुटक्या होडीत वाऱ्याच्या लाटांचे पाणी सहज शिरते. जीवरक्षक जाकीट घालूनच झोपावे. माझे मत विचाराल, तर पाणकणसातच थांबावे.