हंगामी हॉटेल कामगाराला बेरोजगारी भत्ता मिळतो का?

मांद्रेचा कामगार:
नमस्कार. मी पेडणे तालुक्यातील एका हॉटेलात सलग चार हंगाम सफाईचे काम करत आलो आहे. ऑक्टोबरमध्ये कामावर घेतात आणि मे संपताना, पर्यटक ओसरले की, घरी पाठवतात. पगार १५,००० रुपये असून त्यातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) अंशदान कापले जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मला काही भत्ता मिळू शकतो का? माझी बहीण म्हापशात दोन ठिकाणी अर्धवेळ काम करते, तिच्याबाबतही कृपया सांगावे.

हिशेबनीस, म्हापसा:
ईएसआयची २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वेळोवेळी मुदतवाढ देऊन चालवली जाते; तुम्ही तीच पाहावी. किमान दोन वर्षे विमायोग्य (म्हणजे ईएसआय लागू असलेली) नोकरी, काम सुटण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात ७८ दिवसांचे अंशदान आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एका काळात तितकेच, अशी तिची अट आहे. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असल्यामुळे गोव्याच्या हंगामातले सहा महिने एकाच काळात येतात, आणि ७८ दिवस सहज भरतात. ईएसआय कायद्याने वगळलेले ‘हंगामी कारखाने’ म्हणजे साखर, चहा, कॉफी यांसारखे उद्योग. हॉटेल त्यांत मोडत नाही.

रकमेबाबत मात्र मनाची तयारी ठेवा. भत्ता सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के (२०२० पूर्वी २५ टक्के), तोही आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. सरासरी काढताना चार काळांची एकूण कमाई ७३० ने (दोन वर्षांच्या दिवसांनी) भागतात, म्हणजे घरी बसलेले दिवसही भागाकारात धरले जातात. तुमची दोन वर्षांतली सोळा महिन्यांची कमाई २,४०,००० रुपये. त्यावरून रोजचे सुमारे १६४ आणि ९० दिवसांचे सुमारे १४,८०० रुपये होतात. बारमाही कामगाराला याच पगारावर २२,००० हून अधिक मिळाले असते. हंगामी माणसावर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

काणकोणची वाचक:
एक गोष्ट आवर्जून सांगते. माझ्या भावाच्या मालकाने दरवर्षी मे महिन्यात त्याच्याकडून छापील राजीनाम्यावर सही घेतली आणि दर हंगामाला नवा विमा क्रमांक काढला. त्यामुळे त्याचे आधीचे अंशदान एकत्र दिसेना, आणि कामावरून कमी केल्याचा पुरावाही हाती राहिला नाही. म्हणून दादा, अशा कागदावर सही करू नका. हंगाम संपल्यामुळे काम थांबले, असे पत्र मागा आणि जुनाच विमा क्रमांक चालू ठेवायला लावा.

हिशेबनीस, म्हापसा:
ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. आता बहिणीबाबत. अर्धवेळ कामगारही ईएसआयखाली येतात. पण दोन्ही मालकांकडे तिची नोंद असेल, तर एकच काम सुटून ती बेरोजगार ठरत नाही. दोन्ही सुटली पाहिजेत. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात बहुधा नोंदच नसते, हेही तपासावे.

मांद्रेचा कामगार:
मनःपूर्वक आभार. अर्ज कधी करायचा?

हिशेबनीस, म्हापसा:
काम सुटल्यावर ३० दिवसांनी, ईएसआयच्या संकेतस्थळावरून. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाला जोडलेले असावे. ते काम मे महिन्यातच, हॉटेलचे कार्यालय उघडे असताना उरकून घ्या.