पाठलागाची तक्रार: नुसती ‘समज देऊन’ भागतं का?

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात मामेबहिणीसोबत पोलीस ठाण्यात गेले होते. सात महिने एक मुलगा तिच्या मागे आहे. आधी क्लासबाहेर उभा राहायचा. नंबर ब्लॉक केला तर नव्या नंबरवरून फोन. मग तिच्या मैत्रिणींना मेसेज. आता तिने बस बदलली तरी तो स्टॉपवर हजर. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "अंगाला हात लावला का?" नाही म्हटल्यावर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद लिहिली, मुलाला बोलावलं, समज देऊन सोडलं.

माझं म्हणणं, हा प्रश्नच चुकीचा आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत पाठलागाचं कलम ३५४-ड आलं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क करू पाहणं, तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणं हाच गुन्हा, आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा. हात लावण्याची अट कुठेच नाही. विचारायला हवं ते असं: प्रकार वाढतोय का? पूर्वी दोघांचे संबंध होते का? ‘जीव देईन’ असं तो म्हणाला का? तिचं लग्न ठरलंय का, त्याची नोकरी गेलीय का? आणि तिला स्वतःला किती भीती वाटते? ब्रिटनमध्ये पोलिसांकडे अशा प्रश्नांचा छापील तक्ताच असतो. तिथल्या ग्लॉस्टरशायर विद्यापीठाने २०१७ मध्ये बायकांच्या ३५८ खुनांचा अभ्यास केला, त्यातल्या ९४ टक्क्यांत आधी पाठलागाची लक्षणं होती. आपल्याकडेही प्रत्येक तक्रारीला असा तक्ता सक्तीचा करा.

वऱ्हाडी_माणूस:
ताई, तो आकडा उलटा वाचू नका. खुनाआधी पाठलाग होता, म्हणजे पाठलाग करणारे सगळे खून करतात असं होत नाही. बहुतेक जण तिथवर जात नाहीत. मग तक्ता कोणाला निवडणार? मला भीती दुसरीच आहे. ‘धोका कमी’ या चौकटीत एकदा खूण झाली की ठाण्याची जबाबदारी संपली. उद्या काही घडलं तर तोच कागद पोलिसांची ढाल होईल. मी हिंगणघाटजवळचा. ३ फेब्रुवारी २०२० ला तिथे मागे लागलेल्या एकाने भर चौकात एका प्राध्यापिकेला पेटवलं, आठवड्याने ती गेली. तो तिच्याच गावचा होता, लग्न झालेला. अशा माणसाला कागदावर कोणी ‘जास्त धोका’ लिहिलं असतं?

कृष्णाकाठ:
आकड्याचं मान्य. पण भविष्य सांगा असं मी म्हणत नाही. दहा तक्रारी आल्या तर आज कोणाच्या घरी जायचं, एवढं तरी ठरेल. आणि धोका म्हणजे फक्त खून नव्हे. बहिणीने दोन पेपर बुडवले, वजन उतरलंय, फोन वाजला की दचकते. हे कुठे लिहायचं?

अनघा_लातूर:
मी कॉलेजात शिकवते आणि माझा या तक्त्याला विरोध आहे. आमच्याकडे ‘मुलीला धोका आहे’ हे वाक्य घरी गेलं की पहिलं काम शिक्षण बंद. माझ्या एका विद्यार्थिनीने घरी सांगितलं, पंधरा दिवसांत तिचं स्थळ पक्कं झालं. तो मुलगा अजून कॉलेजसमोरच्या टपरीवर बसतो. म्हणून मुली आम्हालाही सांगत नाहीत. मोजायचंच असेल तर त्याच्यावर नजर ठेवायला मोजा. तो कागद वडिलांच्या हातात देणार असाल तर नकोच.

निवृत्त_फौजदार:
समज देणं वाया जातं असं सरसकट म्हणू नका. माझ्या नोकरीत कोवळी, भाबडी पोरं एका दमात सरळ झालेली पाहिली. पण सोडून गेलेला नवरा किंवा मोडलेल्या मैत्रीतला मुलगा समजेने थांबत नाही, उलट तक्रार केली म्हणून चिडतो. दिल्लीचं प्रियदर्शिनी मट्टू प्रकरण बघा. कायद्याच्या या विद्यार्थिनीने मागे लागलेल्या मुलाविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या, पोलिसांनी त्याच्याकडून लेखी हमीही घेतली, तिला संरक्षण दिलं. जानेवारी १९९६ मध्ये त्याने तिला तिच्या घरात मारलं. लेखी हमीवर सोडलेला माणूस पुन्हा दिसला, तोच खरा इशारा होता.

कायद्याची अडचणही आहे. पहिला गुन्हा जामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणून गुन्हा दाखल करून घ्या, सोबत चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई करून त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र मागा. आणि मेसेज पुसू नका. वहीत तारीख, वेळ, जागा लिहा. ती वही पाहिली की वाढ आपोआप दिसते.

वऱ्हाडी_माणूस:
काका, वहीचं पटलं. सात महिने सलग दिसले तर ‘हात लावला का’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही. सक्तीचा तक्ता मात्र मला अजूनही नको.

अनघा_लातूर:
वही कोणाकडे राहणार? मुलीकडे राहिली तर घरचे वाचतील. आमच्या ग्रंथालयातल्या मॅडम अशी एक वही त्यांच्या कपाटात ठेवतात.

कृष्णाकाठ:
काल रात्री दोघींनी बसून जुन्या कॉल लॉगवरून तारखा काढल्या. जूनमध्ये चार, ऑगस्टमध्ये अकरा, समज दिल्यानंतरच्या तीन आठवड्यांत एकोणीस. सोमवारी तो कागद घेऊन परत जातोय, या वेळी थेट वरिष्ठ निरीक्षकांकडे. अनघाताई, मामांना आधी सांगावं की नंतर, यावर आमचं अजून ठरत नाहीये. बहीण नको म्हणतेय.