डाऊनशिफ्ट या जुन्या खेळण्याचा पिवळेपणा कसा घालवू? मदत हवी आहे

मंडळी, ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांमधले ऑप्टिमस-बंबलबी सगळ्यांकडे असतात. मला मात्र कुणी नाव न ऐकलेल्यांचा नाद आहे! 1985 साली अमेरिकेत खोक्यांवरचे ‘रोबोट पॉइंट’ (कुपनं) कापून टपालाने मागवायचे ‘ओम्नीबॉट’ नावाचे तीन रोबोट होते: कॅमशाफ्ट, डाऊनशिफ्ट, ओव्हरड्राइव्ह. मूळ साचे टाकारा या जपानी खेळणी-कंपनीचे. कारचा रोबोट होतो, शिवाय कारमधूनच शस्त्रं बाहेर येतात.

त्यातला पांढरा डाऊनशिफ्ट, म्हणजे टोयोटा सेलिका, नुकताच हाती लागला. हातातली बंदूक गायब, पण ते चालेल. खरा प्रश्न रंगाचा. छत आणि एक दार जुन्या पेपरसारखं पिवळं पडलंय, दुसरं दार अजून दुधासारखं. बहुतेक वर्षानुवर्षं खिडकीत एकाच कुशीवर पडून असावा बिचारा.

हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचा उपाय ऐकलाय. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कुणी केलाय का? किती तास ठेवायचं? प्लास्टिक ठिसूळ होतं का? आणि मूळ स्टिकर न उचकटता जमेल का? स्टिकर गेले तर मला रडूच येईल. स्प्रे पेंट कृपया सुचवू नका.