गाभारा नसलेले देवस्थान : ओमिवा

जपानच्या पारंपरिक शिंतो धर्माच्या मंदिरात मुख्य देवघर, म्हणजे गाभारा, सर्वांत मागे असते, हे सूत्र बहुतेक ठिकाणी लागू पडते. परंतु जपानच्या नारा प्रांतातील साकुराई येथील ओमिवा मंदिर त्याला ठळक अपवाद आहे. येथे गाभाराच नाही. समोरचा ४६७ मीटर उंचीचा मिवा पर्वत हेच ओमोनोनुशी या देवाचे अधिष्ठान मानले जाते आणि ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या प्राचीन जपानी ग्रंथातही या देवाची कथा येते.

मंदिराची मांडणी समजून घ्यायची, तर चालण्याच्या क्रमाने पाहावे. देवदारसदृश सुगी वृक्षांच्या सावलीतील वाटेने आत गेल्यावर उपासनामंडप लागतो, जो चौथे शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएत्सुना यांनी १६६४ मध्ये पुन्हा बांधवला. त्याच्या मागे तीन तोरणे एकत्र जोडलेली ‘मित्सु-तोरी’ ही दुर्मीळ कमान आहे आणि तिच्यापलीकडे थेट डोंगर. म्हणजे भाविक ज्या दिशेने हात जोडतो, तेथे मूर्ती नव्हे, अरण्य असते. मला हीच या जागेची सर्वांत हृदयस्पर्शी बाब वाटते.

डोंगरावर पायथ्यापासून शिखरापर्यंत पवित्र शिलासमूह आहेत. आवारातील ‘साई’ नावाच्या शिंतो उपमंदिरात नोंद करून वर जाता येते, मात्र छायाचित्रण आणि खाणे वर्ज्य आहे. ओमोनोनुशी सर्परूपात प्रकटतो अशी श्रद्धा असल्याने एका जुन्या सुगी वृक्षापाशी अंडी आणि साके (तांदळाचे मद्य) अर्पण करतात.