वनराई बंधारा तळातून गळतो, आणि पोत्यांच्या चिंध्या खाडीत जातात

पऱ्याकाठ: राजापूर तालुका. वाडीखालचा पऱ्या (ओढा) २० फूट रुंद, डिसेंबरअखेर आटतो. गेल्या खेपेला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा, म्हणजे ३ फूट उंच तात्पुरती भिंत रचली, तर पाणी माथ्यावरून न जाता खालूनच पळालं. पावसात पोत्यांच्या चिंध्या खाडीपर्यंत गेल्या. यंदा पोती किती धरू, तळ कसा बांधू आणि प्लास्टिकचं काय करू?

जांभाकातळ: पोती थेट वाळू-गोट्यांवर रचलेली दिसतात. ही चूक सर्रास होते. भिंतीच्या रेषेत आधी २ फूट रुंद चर खणा, कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत. बहुतेक ठिकाणी फूट-दीड फुटात काम होतं. त्यात चिकणमाती भरून पायाने तुडवा. चर दोन्ही काठांत दोन-दोन फूट आत न्या, नाहीतर पाणी बगलेने वाट काढतं आणि काठ ढासळतो.

पोतं गच्च भरायचं नाही. गच्च पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही. दोन तृतीयांश भरून तोंड शिवलं की ते साधारण २ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि अर्धा फूट जाड पसरतं. म्हणजे ३ फुटांना ६ थर. तळाला रुंदी ६ फूट, माथ्याला २. हिशेबाने दोनशेच्या आत पोती लागतात, काठातली धरून २२५ जमवा. सांधे विटांसारखे चुकवा, दर थरावर चिखल पसरा आणि पाण्याच्या अंगाला शेवटी अर्धा फूट चिकणमाती थापा. नुसती वाळू भरली तर पोतं जड होतं खरं, पण पाझरतं; निम्मी तरी माती हवी.

मधल्या ५-६ फुटांत माथा अर्धा फूट खाली ठेवा (हाच सांडवा) आणि तिथून पाणी पडेल तिथे सपाट दगड लावा. ते नसले की पडणारं पाणी पायथा उकरतं.

खाडीवाला: चिंध्यांचं कारण ऊन. ही पोती पॉलिप्रॉपिलीनची. पाण्याखाली तग धरतात, पण पाणी उतरून वरचे थर उघडे पडले की ठिसूळ होतात, आणि जूनच्या पहिल्या लोंढ्याला फाटतात. माथ्यावर माती घालून झावळ्या अंथरा. मेच्या मध्याला वरून खाली एकेक थर काढा, शिवण कापून माती काठावर ओता, पोती मोजा. २२५ लावली तर २२५ परत आली पाहिजेत. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जे राहील ते वाहणारच.

सिमेंटची पोती पऱ्यात झटकू नका. त्या भुकटीने पाणी चुन्यासारखं दाहक (अल्कधर्मी) होतं, मासे मरतात. कीटकनाशकाचं पोतं तर घेऊच नका. गोणपाट चालेल असं वाटतं खरं, पण ओल्या मातीत ते लवकर कुजतं.

(मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रुळलं. धारियाही कोकणातलेच, महाडकडचे.)

पऱ्याकाठ: चराच्या जागी कातळाला भेगा आहेत. आणि खालच्या वाडीचं पाणी तुटेल का?

जांभाकातळ: बोटभर भेग असेल तर चिकणमाती ठासा. हात जाईल एवढी असेल तर बंधारा १०-१५ फूट वर सरकवा. जांभ्यात मुरलेलं पाणी वाया जात नाही, बहुधा खालच्या विहिरीत उतरतं. दर आठ दिवसांनी विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजा, म्हणजे कळेल.

खालच्यांसाठी तळच्या थरात २ इंची पाइप ठेवा, बंधारा भरेपर्यंत तो उघडा ठेवा. पुढे सांडव्यावरून आपोआप जाईल. उतार ५० फुटांना १ फूट असेल तर पाणी मागे १५० फूट तुंबतं, जास्तीत जास्त सव्वा लाख लिटर. तेवढ्यात वरच्या कोणाचं शेत बुडत नाही ना, ते आधी बघा.

खाडीवाला: आणि भरतीचं पाणी चढतं त्या टप्प्यात घालू नका, खारं पाणी अडून बसेल. भातकापणी उरकली, परतीचा पाऊस गेला आणि धार अजून वाहती आहे, तेवढेच पंधरा-वीस दिवस हातात असतात.